शेंडा खुडायचा की बगलफूट काढायची? तेलबियांच्या झाडाचा हिशेब

तेलबियांच्या लागवडीचे सल्ले ऐकताना एक गोंधळ हमखास होतो. एक जण सांगतो, "बाजूचे फुटवे काढून टाका, सगळी ताकद मुख्य फुलात जाते, दाणा टपोरा होतो." दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो, "शेंडा खुडा, भरपूर फांद्या फुटतात, शेंगा वाढतात." एक फांद्या कमी करायला सांगतोय, दुसरा वाढवायला, आणि दोघांकडे दाखवायला भरलेली झाडं आहेत. मग ऐकणाऱ्याने कात्री कुठे लावायची?

दोघंही आपापल्या पिकापुरते बरोबर असू शकतात. चूक होते ती एका पिकाचा सल्ला दुसऱ्या पिकाला लावताना. कुठला सल्ला कुठे लागू पडतो हे कळायला झाड आपली साखर कशी खर्च करतं ते थोडं समजून घ्यावं लागतं.

दोन काप, दोन उलटे परिणाम

पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो, त्या बेचक्यात एक बारीक डोळा असतो. तो फुटला की बाजूची फांदी तयार होते. तिला बगलफूट म्हणतात, कारण ती पानाच्या बगलेतून येते. ही कोवळी असतानाच मोडून टाकली की झाड एका खोडावर राहतं.

शेंडा खुडणं याच्या अगदी उलट आहे. वरचा वाढता कोंब काढला की खाली झोपलेले डोळे जागे होतात आणि झाड पसरतं. बोलताना दोन्हीला सरसकट "छाटणी" म्हटलं जातं आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. यापुढे कुणी "छाटणीने उत्पादन वाढतं" म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारा: काय छाटलं, शेंडा की बगलफूट?

डोळे झोपून का राहतात?

वाढता शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. संप्रेरक म्हणजे झाडाच्या एका भागातून दुसऱ्या भागाला जाणारा रासायनिक निरोप. हा निरोप खोडातून खाली उतरतो आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. १९३३ च्या सुमारास केनेथ थीमन आणि फोक स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाकला या शेंगवर्गीय पिकाच्या रोपावर हे दाखवून दिलं. शेंडा कापला की बाजूचे डोळे फुटायचे, पण कापलेल्या टोकावर ऑक्सिन लावलं की ते तसेच दबून राहायचे. शेंडा नसतानाही त्याचा वचक कायम राहिला.

पुढे चित्र आणखी भरत गेलं. मुळांकडून वर जाणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक डोळ्यांना फुटायला उद्युक्त करतं. स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं त्यांना आवरतात, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. याच गटातलं पहिलं द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून मिळालं होतं, पण तेव्हा त्याची ओळख वेगळी होती: टारफुला या परोपजीवी तणाचं बी उगवायला लावणारं रसायन. एकच पदार्थ जमिनीत तणाला जागं करतो आणि झाडात डोळ्याला झोपवतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून पुढे आली. शेंडा कापल्यावर डोळे इतक्या लवकर फुगायला लागतात की तोवर खालच्या खोडातलं ऑक्सिन कमीही झालेलं नसतं. मग त्यांना जाग कशाने येते? साखरेने. शेंडा साखरेचा मोठा गिऱ्हाईक असतो. तो गेला की ती साखर डोळ्यांपर्यंत पोचते आणि वाढ सुरू होते. कुठे फुटायचं याचा निर्णय झाड बऱ्याच अंशी साखर कुणाला मिळते यावर घेतं. म्हणून पुढचं सगळं साखरेच्या जमाखर्चातच मांडता येतं.

कमावती पानं आणि खाणारी तोंडं

घरात कमावती माणसं असतात आणि खाणारी तोंडं असतात. झाडात हिरवी, पूर्ण वाढलेली पानं कमावतात, तर मुळं, कोवळे कोंब, फुलं आणि भरणारे दाणे खातात. दाण्याला किती मिळेल हे दोन गोष्टींवर ठरतं: कमाई किती आणि वाटेकरी किती.

"बगलफूट अन्न खाते" हे वाक्य अर्धं खरं आहे. कोवळी फूट खरोखर उसनं घेऊन जगते. पण पान पूर्ण आकाराच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत वाढलं की ते साखर घेण्याऐवजी देऊ लागतं. काही पानं अशी तयार झाली की फांदी आपला खर्च आपण भागवते आणि उरलेलं घरात देते. आठ दिवसांची फूट काढली तर एक खाणारं तोंड कमी होतं. महिनाभराची, पानांनी भरलेली फांदी तोडली तर कमावता माणूस जातो, आणि त्याला वाढवायला जे उसनं दिलं होतं तेही बुडतं. त्यामुळे उशिरा केलेली बगलफूट-काढणी हा मला सगळ्यांत तोट्याचा प्रकार वाटतो. बगलफूट काढायचीच असेल, तर ती बोटाने सहज मोडते तेव्हाच.

आता दाण्याकडे. तेलबियांत हा जमाखर्च जास्त ताणलेला असतो, कारण तेल हा झाडासाठी महाग माल आहे. १ ग्रॅम ग्लुकोजपासून साधारण ०.८ ग्रॅम पिष्ट बनतं, पण तेल बनतं फक्त ०.३३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १ ग्रॅम तेलामागे ३ ग्रॅम साखर खर्ची पडते. ही साखर वाया जात नाही. तेलात ऊर्जा दाटीने भरलेली असते, आणि उगवणाऱ्या अंकुराला तीच शिदोरी कामी येते. पण याचा अर्थ असा की दाणे भरण्याच्या दिवसांत तेलबियांच्या पानांवर मोठा भार असतो आणि तेव्हा गेलेलं प्रत्येक हिरवं पान महागात पडतं.

आधी विचारा, बी कुठे धरतं?

पीक आपलं बी कुठे धरतं, हे पाहिल्याशिवाय कात्रीचा विचारच करू नये.

सूर्यफुलापासून सुरुवात करू, कारण "फुटवे काढा" हा सल्ला तिथे सर्वांत जास्त शोभतो. रानटी सूर्यफूल भरपूर फांद्यांचं, लहान-लहान फुलांचं झुडूप असतं. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात हजारो वर्षांपूर्वी लोकांनी त्यातली कमी फांद्यांची, मोठ्या फुलांची झाडं निवडत नेली आणि त्यातून एका खोडाचं, एका मोठ्या तबकडीचं पीक घडलं. बगलफूट काढण्याचं काम निवडीने पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलं आहे. आजच्या तेलाच्या संकरित वाणांत निरोगी झाडाला सहसा एकच फूल येतं, काढायला फारसं काही नसतंच. असं असूनही शेतात मध्येच फांद्यांची झाडं दिसली, तर कारण शोधावं. कोवळ्या शेंड्याला कीड, गारा किंवा जनावराच्या तोंडाने इजा झाली असेल. किंवा मागच्या हंगामातल्या संकरित पिकाचंच बी पुन्हा पेरलं असेल. संकरित बीजोत्पादनात नर वाण मुद्दाम फांद्यांचा ठेवतात, म्हणजे एकामागून एक फुलं उमलून पराग जास्त दिवस मिळतो. पुढच्या पिढीत तो फांद्यांचा गुण काही झाडांत पुन्हा डोकं वर काढतो.

शेंडा मेलेल्या सूर्यफुलाच्या फांद्या कधीच काढू नयेत. बी आता तिथेच येणार आहे. बाजूचे डोळे हा झाडाचा विमा असतो.

भुईमुगात उलट चित्र आहे. अगदी खाली, बीजपत्रांच्या बगलेतून ज्या पहिल्या दोन फांद्या निघतात, बहुतांश शेंगा त्यांच्यावर धरतात. पसऱ्या वाणांत तर मुख्य खोडावर फुलंच येत नाहीत. फूल फांदीवर, फुलातून निघालेली आरी खाली जमिनीत, आणि शेंग मातीत. इथे बगलफूट काढणं म्हणजे पीकच काढून टाकणं.

एरंडीचा स्वभाव तिसराच. मुख्य खोड वाढत जातं आणि टोकाला एका घोसात संपतं. मग त्या घोसाखालच्या डोळ्यांतून फांद्या निघतात आणि प्रत्येक फांदी पुन्हा घोसातच संपते. पहिला घोस, मग दुसऱ्या फळीचे, मग तिसऱ्या. हंगाम लांब असेल आणि जमिनीत ओल टिकणार असेल, तर बाजूचे घोस एकूण उत्पादनाचा मोठा वाटा देतात. हंगाम लवकर आटोपणार असेल, तर तिसऱ्या फळीचे घोस अर्धवट भरून राहतात आणि मधल्या काळात पाणी मात्र पितात. उशिराच्या फुटी आवरण्याचा विचार अशा परिस्थितीत समजण्याजोगा आहे. पहिल्या घोसाखालच्या दमदार फुटी मात्र पुढच्या तोडणीचं भांडवल आहेत.

मोहरीवर्गातल्या पिकांत मुख्य तुरा आणि फांद्या मिळून बी देतात. झाडं विरळ असली की फांद्यांचा वाटा मुख्य तुऱ्याहून मोठा होतो. यात एक खास गोष्ट आहे. शेंगा भरू लागतात तेव्हा पानं गळायला लागलेली असतात, आणि पुढची कमाई बऱ्याच अंशी हिरव्या शेंगांच्या सालीच करतात. इथे खाणारं तोंड स्वतःच कमवतंही. शेंगांची फांदी तोडून मुख्य तुऱ्याला पोसायचं गणित त्यामुळे सहसा जमत नाही.

कापसाचं मुख्य नाव धाग्यासाठी, पण सरकीचं तेल निघतं म्हणून तो या यादीत येतो, आणि त्याने हा विषय जितका स्वच्छ समजतो तितका दुसऱ्या कशानेच नाही. कापसाला दोन जातींच्या फांद्या असतात. गळफांदी खालून निघून खोडासारखी सरळ वर जाते, तिच्यावर थेट पाती (फुलांच्या कळ्या) लागत नाहीत. फळफांदी नागमोडी वाढते आणि पेरापेरावर पाती, मग बोंडं धरते. "बगलफूट काढू का?" याचं उत्तर एकाच झाडावर दोन प्रकारे मिळतं. गळफांदी काढण्यामागे तर्क आहे. फळफांदी काढण्यामागे नाही.

तिळात फांद्या करणारे आणि न करणारे असे दोन्ही वाण आहेत, आणि फुलं पानांच्या बगलेत खालून वर उमलत जातात. फांद्यांच्या वाणाचा शेंडा कोवळेपणी खुडला, तर फांद्यांसोबत बोंडांच्या जागाही वाढतात. फुलोऱ्याच्या शेवटी शेंडा खुडण्याचा हेतू वेगळा. वर उशिरा आलेली फुलं तशीही भरणार नसतात. खालची बोंडं पिकून फुटायला आली आणि वर अजून फुलं आहेत, ही तिळाची जुनी अडचण त्याने थोडी कमी होते. एकाच जागी खुडलेला शेंडा, पण महिनाभराच्या अंतराने त्याचा अर्थ पार बदलतो.

आणि तेलताड, म्हणजे पाम तेलाचं झाड? त्याला बगलफूट नसतेच. एक खोड, एकच वाढबिंदू. तो कापला की झाड मेलं. तिथे छाटणी म्हणजे जुनी पानं काढणं, आणि तीही जपून, कारण पानं फार कमी केली की मादी फुलोरे घटून नर फुलोरे वाढतात. नारळाचा वाढबिंदूही असाच एकुलता एक.

शेजारी झाडंही छाटणी करतात

एका झाडाची गोष्ट आणि शेताची गोष्ट यांत मोठी दरी आहे. पान लाल रंगाचा प्रकाश शोषून घेतं आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लाल प्रकाश परतवतं. आजूबाजूला दाटी असली की झाडापर्यंत हा परतलेला प्रकाश जास्त पोचतो आणि त्याला शेजाऱ्याची चाहूल लागते. मग ते फांद्या आवरतं आणि उंच जातं.

जवस हे याचं बोलकं उदाहरण. धाग्यासाठी पेरताना ते दाट पेरतात, म्हणजे खोड सरळ, उंच आणि बिनफांद्यांचं होतं. तेलाच्या बियांसाठीचे वाण बुटके आणि वर जास्त फांद्या करणारे असतात, कारण तिथे प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंडं हवी असतात. कात्री न लावता, नुसत्या अंतराने आणि वाणाने हवं तसं झाड मिळतं.

त्यामुळे ज्याला कमी फांद्या हव्यात, त्याने आधी रोपांतलं अंतर तपासावं. विरळ शेतात फांद्या मोकळी जागा भरून काढत असतात. तिथे त्या काढल्या, तर ऊन जमिनीवर पडून वाया जातं आणि तणाला आयती जागा मिळते.

"पण दाणे तर मोठे झाले!"

हो, होतात. वाटेकरी कमी झाले की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं. प्रश्न एकूण वजनाचा आहे. समजण्यासाठी एक काल्पनिक झाड घेऊ.

मुख्य फुलात ८०० दाणे, हजार दाण्यांचं वजन ५० ग्रॅम. म्हणजे ४० ग्रॅम बी. शिवाय तीन बाजूची फुलं, प्रत्येकी १५० दाणे, हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम. हे झालं १३.५ ग्रॅम. एकूण ५३.५ ग्रॅम. आता बाजूची फुलं काढून टाकली. नुसती बरोबरी साधायला मुख्य फुलातल्या हजार दाण्यांचं वजन ५० वरून जवळजवळ ६७ ग्रॅमवर जायला हवं. ते ६० झालं, तर दाणा डोळ्यांत भरेल इतका मोठा दिसेल, पण बी भरेल ४८ ग्रॅमच.

दाण्यालाही मर्यादा असते. सूर्यफुलाचा दाणा टरफलाच्या आत वाढतो आणि टरफलाचा आकार आधी ठरून जातो. तबकडीत किती फुलं बसणार हेही कळी डोळ्यांना दिसू लागते तोवर बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. घरात अचानक पैसा आला, पण ठेवायला डबेच नाहीत, तर तो दाण्यात कसा जमणार? म्हणून लवकर केलेल्या कापाने दाण्यांची संख्याही वाढू शकते, उशिराच्या कापाने फार तर वजन.

"तेलाचा उतारा तरी वाढेल ना?"

टक्केवारी वाढू शकते, आणि तिच्यामुळेच फसायला होतं. उशिराच्या फांद्यांवरचे दाणे अनेकदा पोचट, टरफल जास्त आणि गर कमी असे असतात. ते काढून टाकले की उरलेल्या मालाची सरासरी आपोआप सुधारते. पण समजा १०० किलो बियांत ४० टक्के तेल होतं, म्हणजे ४० किलो. फांद्या काढल्यावर ८५ किलो बी मिळालं आणि तेल ४३ टक्के भरलं, तर हातात येतं साधारण ३६.५ किलो. टक्केवारी चढली, तेल उतरलं. मोजायचं ते दर हेक्टरी तेल.

एकसारखेपणाचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. मुख्य फूल वाळलं आणि फांद्यांवरचं बी हिरवं, ओलं असेल, तर यंत्राने कापणी करताना कुठला तरी एक गट बिघडतोच. थांबलं तर पिकलेलं बी झडतं, घाई केली तर ओलं बी साठवणीत बुरशी आणतं. थोडं कमी पण एका वेळी पिकणारं बी काही ठिकाणी खरोखर परवडतं.

"परसातल्या झाडांवर करून पाहिलं, फायदा झाला"

परसातल्या मोजक्या झाडांना चारही बाजूंनी ऊन मिळतं आणि हाताने पाणी मिळतं. शेतातल्या मधल्या ओळीला यातलं काही मिळत नाही. श्रमाचं मापही बदलतं. सूर्यफुलाची हेक्टरी साधारण ५० ते ६० हजार झाडं असतात. ५५ हजार झाडांना प्रत्येकी ५ सेकंद धरले, तरी एका फेरीला ७६ तास लागतात. आणि एका फेरीत भागत नाही, फुटी पुन्हा येतात. प्रत्येक मोडलेली फूट ही जखमही असते. दमट हवेत, पावसाच्या तोंडावर हे काम केलं तर बुरशीला दार उघडं मिळतं. कोरड्या सकाळी, कोवळी फूट, स्वच्छ हात किंवा कात्री, आणि रोगट झाडाला लावलेली कात्री निरोगी झाडाला लावायची नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर

एक झाड कापून आणि शेजारचं न कापता ठेवून काहीच कळत नाही. दोन झाडांत तसाही फरक असतोच. सारख्या लांबीच्या आठ ओळी घ्या, कडेच्या ओळी सोडून. चारांवर काप करा, चार तशाच ठेवा, पण सलग नको, आलटून पालटून, म्हणजे जमिनीतला फरक दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. काप केल्याची तारीख आणि तेव्हा झाडाला किती पानं होती ते लिहून ठेवा. कापणीनंतर प्रत्येक ओळीचं सगळं बी, पोचट दाण्यांसकट, सारखं वाळवून वेगवेगळं तोला. मग प्रत्येक ढिगातले हजार दाणे मोजून त्यांचं वजन घ्या. चारही कापलेल्या ओळी आपल्या शेजारणीपेक्षा जड भरल्या, तर पुढच्या हंगामात मोठ्या तुकड्यावर करून पाहायला हरकत नाही. दोन जड आणि दोन हलक्या निघाल्या, तर तो फरक कात्रीचा आहे असं म्हणता येत नाही, तो जमिनीचाही असू शकतो.